विरुद्ध बाजूचं नाव

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत वकीलबाईंनी जिंकलेली एकच केस सगळ्यांना आठवते, आणि ती त्यांनी स्वतःच्या विरुद्ध जिंकली होती. बी विंगमधला एक जण रोज त्यांच्या पार्किंगच्या जागेत गाडी लावायचा. वकीलबाईंकडे गाडी नव्हती, पण जागा होती. त्यांनी रीतसर तक्रार दिली. वार्षिक सभेत विषय निघाला तेव्हा तो माणूस गैरहजर. सेक्रेटरी म्हणाले, "झालं तर मग, दंड लावून टाकू." वकीलबाई उठल्या.

"त्याची बाजू कोण मांडणार?"

कोणीच हात वर केला नाही.

"मग मी मांडते."

त्याची आजारी आई, तिला चालवत नेण्याचं अंतर, रिकामी पडून राहिलेली जागा, सगळं त्यांनी असं मांडलं की सभेने ती जागा त्यालाच वापरू द्यायचं ठरवलं. खाली बसताना त्या शेजारणीला म्हणाल्या, "निकाल चुकला. पण सुनावणी चांगली झाली."

वय सत्तरीच्या पुढे. वकिली सोडून बरीच वर्षं झाली होती, पण काळा कोट सुटला नव्हता. दार उघडायला यायच्या त्या गाऊनवर कोट चढवून. दूधवाला, कुरिअरवाला, मतदार यादी तपासायला आलेली शाळेतली बाई, सगळ्यांना तेच दर्शन. "बायका गाऊनवर ओढणी घेतात, मी कोट घेते. याला खिसे तरी आहेत," असं त्यांचं समर्थन. खिशात चष्मा, बडीशेप आणि पितळेची एक छोटी घंटा. समोरचा बोलता बोलता भरकटला की घंटा वाजायची.

त्यांच्यासमोर कुठलीही गोष्ट नुसती 'असायची' नाही. "आज काय उकडतंय," असं आपण म्हणावं, तर त्या म्हणणार, "असं तुझं म्हणणं आहे." घामाने त्यांचा स्वतःचा कोट पाठीला चिकटलेला असायचा, तरी. गळणारा नळ दुरुस्त करायला त्या प्लंबरला तारीख द्यायच्या आणि प्लंबर त्यांना पुढची तारीख द्यायचा. "तारखा देण्यात हा मला भारी आहे," असं त्या कौतुकाने सांगायच्या.

निवृत्तीनंतर त्यांना एक नाद लागला होता. लोकांच्या घराण्यातल्या जुन्या कोर्टकेसेस शोधून द्यायच्या. कुठल्या कोर्टाचे कागद आता कुठे ठेवलेत, अर्ज कसा लिहायचा, नक्कल कशी मागायची, सगळं सांगायच्या. पण वंशावळ घेऊन येणाऱ्याला आधी दारातच विचारायच्या, "भांडण कुणाशी झालं होतं?" कांदिवलीचे एक गुजराती काका मोठ्या अभिमानाने आले होते. त्यांचे पूर्वज म्हणे दानशूर होते. वकीलबाईंनी शोधून दिलं की ते दानशूर गृहस्थ सख्ख्या भावाशी छपराच्या पन्हळीवरून मरेपर्यंत भांडले. काका बरेच दिवस फिरकले नाहीत. मग एकदा पेढे घेऊन आले. म्हणाले, "आमच्याकडे पण सध्या हेच चाललंय. बरं वाटलं."

"वंशावळीत माणूस नटून येतो," वकीलबाई म्हणायच्या. "कोर्टात येतो तो जसा असतो तसा. घामेजलेला."

मी ज्या घरात वाढले तिथे जेवणाच्या टेबलावर आधी पत्रकं असत, मग ताटं. बाबा दिवसा नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. मी वाचायला शिकले ती 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून, आणि उद्गारचिन्ह कुठे द्यायचं हे मला पूर्णविरामाच्या आधी कळलं. बाबांच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक ओळ असायची, माझ्या पणजोबांची: 'मेलेलं ओढणार नाही. मी जिवंत माणूस आहे!'

गोष्ट आम्हाला पाठ होती. गावात एका शेतकऱ्याचा बैल मेला. मेलेलं जनावर ओढून नेण्याचं काम आमच्या लोकांवर लादलेलं. पणजोबांनी नकार दिला. मग त्यांनीच बैलाला विष घातलं असा आळ घेऊन त्यांच्यावर केस केली. पणजोबा कोर्टात उभे राहिले, ही ओळ बोलले, आणि कोर्टाने त्यांना सोडून दिलं. ही गोष्ट मी शाळेत सांगितली होती, कॉलेजात सांगितली होती, आणि पुढे स्वतः पत्रकं लिहायला लागले तेव्हा छापलीही होती.

गावात आमच्या लोकांनी सभागृह बांधलं. दारात दगडावर पणजोबांची ओळ कोरायचं ठरलं. जागा रस्त्यालगतची, म्हणून ग्रामपंचायतीत विषय गेला आणि तिथे कोणीतरी उठून म्हणालं, "असं काही घडलंच नाही. पुरावा आणा." बाबांनी भर सभेत सांगितलं, "आणतो. माझी मुलगी आणेल."

मी जिल्ह्याला जाऊन आले. कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये आमचं आडनाव सांगितलं. त्या आडनावाची एकही केस नव्हती. परत येताना मला पहिल्यांदा भीती वाटली. पुरावा नसेल तर बाबांनी आयुष्यभर छापलं ते काय होतं? शेवटी खाली जाऊन वकीलबाईंचं दार वाजवलं.

"आडनाव कुठलं सांगितलंस?"

"आमचं."

"ते कधी घेतलं?"

"आजोबांनी. मुंबईत आल्यावर, गावाच्या नावावरून."

"म्हणजे पणजोबांना ते माहीतच नव्हतं. भलत्याच नावाने हाक मारल्यावर माणूस ओ देईल कसा?" त्यांनी बडीशेप तोंडात टाकली. "आणि खाजगी फिर्याद असेल तर नोंद फिर्याद करणाऱ्याच्या नावाने. आपल्या माणसाचं नाव घेऊन जायचंच नाही. विरुद्ध बाजूचं घेऊन जायचं. फिर्यादी कोण?"

"गाव."

"गाव येऊन पिंजऱ्यात उभं राहत नाही गं. एक माणूस राहतो. त्याचं नाव?"

मला माहीत नव्हतं. मी तिथूनच बाबांना फोन केला. बाबांनाही माहीत नव्हतं.

"कमाल आहे," वकीलबाई म्हणाल्या. "चार पिढ्या ज्याच्यावर संतापून आहात त्याचं नाव माहीत नाही?"

"अन्यायाला नाव कशाला लागतं?" मी भडकले. "नाव कुठलंही असू दे, काम तेच. आणि तुमचं ते पार्किंग वेगळं. अन्यायाला दोन बाजू नसतात."

"असं तुझं म्हणणं आहे."

मी उठून निघून आले. जिन्यात ठरवलं की या बाईची पायरी पुन्हा चढायची नाही. यांना काय जातंय म्हणायला? यांच्या पणजोबांना कोणी मेलेला बैल ओढायला सांगितला होता?

दोन-तीन दिवसांनी आमची बेल वाजली. वकीलबाई साडीवर कोट घालून उभ्या. "तुमच्याकडे जुनं माणूस कोण आहे?"

"मालाडची आत्या. पण ती..."

"चल."

मालाडची आत्या म्हणजे बाबांची सगळ्यात मोठी बहीण. लहानपणी ती गावाला तिच्या आजीपाशी, म्हणजे माझ्या पणजीपाशी राहिली होती. आम्ही गेलो तेव्हा ती जमिनीवर बसून मेथी निवडत होती. वकीलबाईंचा कोट बघून म्हणाली, "कुणाला धरून न्यायला आलीस का काय?"

"नाव विचारायला आले, ताई. बैल कुणाचा होता?"

आत्याने मान फिरवली. "त्याचं नाव ह्या घरात घेत न्हाईत."

आणि मग मला जे कधीच कोणी सांगितलं नव्हतं ते तिने सांगितलं. पणजीने नेम घातला होता. त्या माणसाचं नाव घरात कुणी उच्चारायचं नाही. चुकून कानावर पडलं तर उठून चूळ भरायची. पणजी मरेपर्यंत भरत होती. आत्याने तिला शब्द दिला होता.

"आणि बाबांना हे माहीत नाही?" मी विचारलं.

"त्यो ल्हान व्हता. आमी नाव काढलं न्हाई, मंग त्याला कळंल कसं?"

मी गोंधळले. आमच्या सावलीचा ज्यांनी विटाळ मानला त्यांच्यावर मी पानंच्या पानं लिहिली होती. आणि आमच्याच घरात एका नावाचा विटाळ पाळला जात होता. हा सूड होता की त्यांचीच रीत उलटी करून आम्ही अंगावर घेतली होती? पत्रकात याला कुठला शब्द वापरायचा? आणि आमच्या रागाने जे नाव पुसून टाकलं, त्याच नावाखाली आमची केस ठेवलेली होती.

"तुम्ही नाव घेऊ नका, ताई," वकीलबाई म्हणाल्या. "शब्द मोडू नका. मी घेते. तुम्ही नुसत्या बसा."

"बसलीच हाय मी."

वकीलबाईंनी चष्मा लावला आणि जुन्या वळणाची नावं एकेक करून म्हणायला सुरुवात केली. "गणपत?" आत्या मेथी निवडत होती. "सखाराम? दादू? विठोबा?"

"विठोबा माजा मावसा व्हता. त्याला कशाला मधी आणतीस?"

"मागे घेते. रामजी? मारुती? बळवंत?"

आत्याचा हात थांबला. ती गुडघ्यावर हात देऊन उठली, मोरीत गेली, तांब्या घेतला आणि खळखळून चूळ भरली. पदराने तोंड पुसत परत आली. "लई वंगाळ बाई हायेस तू."

वकीलबाईंनी खिशातली घंटा काढून एकदा वाजवली. "साक्षीदाराने खाली बसावं," त्या म्हणाल्या. "आणि मला चहा द्यावा." आत्या हसू दाबत चहा ठेवायला उठली.

बळवंतच्या नावाने केस सापडली. बाकीचे कागद मुदत संपल्यावर नष्ट केलेले होते, निकाल तेवढा उरला होता. बाबा आणि मी नक्कल घेऊन थेट वकीलबाईंकडे आलो. निकाल जेमतेम पानभर, इंग्रजीत, वळणदार अक्षरात लिहिलेला. आरोपी म्हणून पणजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, जात, गाव. आरोपीला वकील नाही. फिर्यादीने उलटतपासात सांगितलं की बैलाचं नाव हरण्या होतं, तो चार दिवस चाऱ्याला तोंड लावत नव्हता, आणि आरोपीला त्याने गोठ्याजवळ पाहिलं नव्हतं. आरोपीला स्वतःहून काही सांगायचं नाही. आरोपी निर्दोष.

ती ओळ नव्हती. बाबांनी पान उलटून मागची कोरी बाजूसुद्धा पाहिली.

"आरोपीला काही सांगायचं नाही," मी पुन्हा वाचलं. मला रडू येत होतं आणि रागही. "म्हणजे आमचा माणूस गप्प बसला, आणि सुटला तो त्या बळवंतच्या भलेपणामुळे? पुन्हा त्यांच्यातलाच एक भला निघाला?"

घंटा वाजली.

"भला कोण म्हणालं? खोटी केस त्यानेच घातली. आणि तुझा माणूस गप्प बसला कुठे? उलटतपास कुणी घेतला?"

"असेल कोणी."

"वकील नव्हता. मग कोण घेणार?"

बाबांनी मान वर केली.

"जबानीत काय नि निकालात काय, प्रश्न बहुतेक लिहीत नाहीत गं," वकीलबाई म्हणाल्या. "उत्तरच लिहितात. तुझे पणजोबा या कागदावर आहेत, पण त्या उत्तरांच्या मागे आहेत. ऊठ. तू आरोपी. दादा, तुम्ही बळवंत व्हा."

"मी त्याचं काम करणार नाही," बाबा म्हणाले.

"वाटलंच. मीच होते." त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. त्या तिथे नुसत्या गाऊनमध्ये उभ्या राहिल्या, हात जोडून, खाली बघत. "विचार."

"गावाने तुला खोटी केस करायला लावली ना?" मी ओरडले.

"नाही," बळवंत म्हणाला. मग वकीलबाईंच्या आवाजात, "हे उत्तर कागदावर नाही. दुसरा प्रश्न."

"तू मला विष घालताना पाहिलंस?"

"हो, पाहिलं." पुन्हा चष्म्यावरून माझ्याकडे. "असं विचारल्यावर लगेच कोण कबूल करतं? सगळं गाव मागे बसलंय. पहिलं उत्तर काय आहे ते बघ. ते मिळेल असं काहीतरी विचार."

मी कागदाकडे पाहिलं. मला फार वेडगळ वाटलं, पण दुसरा प्रश्नच शक्य नव्हता.

"बैलाचं नाव काय होतं?"

वकीलबाईंनी मान वर केली. "हरण्या," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

"हरण्याला काय झालं होतं?"

"चार दिवस चाऱ्याला तोंड लावत नव्हता."

"मग मी काय केलं?"

त्यांनी पुन्हा मान खाली घातली. "तुला मी पाहिलं नाही," त्या म्हणाल्या.

वकीलबाईंनी खाली बसून कोट पुन्हा चढवला. "आपल्या जनावराच्या दुखण्याबद्दल शेतकऱ्याला खोटं बोलता येत नाही. हे तुझ्या पणजोबांना माहीत होतं. कुणी विचारल्याशिवाय कोर्टात कोण बैलाचं नाव सांगतं?"

"असं तुमचं म्हणणं आहे," मी म्हटलं.

"आहेच. नेमके शब्द मला कुठे माहीत? अंदाज आहे." त्या खूश झाल्या होत्या.

"पण मग या बळवंतला म्हणायचं काय? चांगला की वाईट?"

"फिर्यादी."

"मी म्हटलं होतं, अन्यायाला दोन बाजू नसतात."

"दोन्ही बाजू सारख्या असतात असं मी कधी म्हटलं? ऐकायच्या असतात म्हटलं."

वकीलबाईंनी बाबांना हळूच विचारलं, "ती ओळ तुम्ही कुणाकडून ऐकलीत, दादा? वडिलांकडून?"

"वडील याबद्दल बोलायचेच नाहीत."

"मग?"

बाबांनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. "ऐकलीय मी," ते म्हणाले. "ऐकलीय कुठेतरी." त्या दिवशी वकीलबाईंनी त्यांना 'असं तुमचं म्हणणं आहे' म्हटलं नाही.

दगडाचं काम खोळंबलं होतं. केस झाली होती याला आता पुरावा होता, ओळीला नव्हता. आम्ही तिघं मालाडला गेलो, कारण आत्याच्या शब्दाबाहेर बाबा नव्हते. बाबांनी तिला कागद मराठीत सांगायला सुरुवात केली. पहिलंच नाव फिर्यादीचं. बाबा अडखळले, आणि मग त्यांनी ते उच्चारलं.

आत्या उठली. मोरीत जाऊन तांब्यातून पाणी तोंडात घेतलं. बाबा थांबले नाहीत. हरण्या. चार दिवस. पाहिलं नाही. वकील नव्हता, तेव्हा हे सगळं विचारलं ते आपल्या आजोबांनीच, असा वकीलबाईंचा अंदाज. आत्या मोरीच्या कठड्यापाशी पाठमोरी उभी होती, गाल फुगलेले, तांब्या हातात. बाबांचं सांगून संपलं तरी ती तशीच. आम्ही थुंकण्याच्या आवाजाची वाट बघत होतो.

तिने ते पाणी गिळलं.

"दगडावर ह्येच लिवा," ती वळून म्हणाली.

"काय, अक्का?"

"बैलाचं नाव काय व्हतं."

"अगं, लोकांना काय कळणार त्यातून?"

"न्हाई कळलं तर इचारतील."

वकीलबाईंचा हात खिशात गेला. मला वाटलं घंटा वाजणार. त्यांनी बडीशेप काढून आत्यापुढे धरली.

पुढे आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेली. सभेत वकीलबाई दोन्ही बाजूंनी बोलल्या आणि मत द्यायचं विसरल्या. त्या मुलुंडला भाचीकडे राहायला गेल्या आणि नव्या घराची चावी मिळायच्या आत तिथेच वारल्या. भाचीने मला घंटा दिली. कोट कुणाला दिला ते मी विचारलं नाही.

दगड गावात उभा आहे. वर पणजोबांचं नाव, खाली एक प्रश्न. बाबांची ओळ पत्रकांवर अजून असते, फक्त आता तिच्या आधी 'आमच्या घरात सांगतात' असं असतं. उद्गारचिन्ह मी काढलं, त्यांनी ते परत घातलं. गावाहून अधूनमधून फोन येतात, आमच्या वस्तीतले, वरच्या आळीतले, कुठली कुठली शाळेतली मुलं. कुठला बैल? कुणी विचारलं? कुणाला? मी सांगायला बसते, आणि सांगायचं तर पहिल्याच वाक्यात बळवंतचं नाव घ्यावं लागतं, त्याच्याशिवाय गोष्ट सुरूच होत नाही. ते घेऊन झालं की दर वेळी मी थांबते. पलीकडून "हॅलो, हॅलो" ऐकू येत राहतं. चूळ भरावी की पुढे बोलावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.